पणजोबांच्या मागचा शोध कसा घ्यावा?

पणजोबांच्या आधीचं घरात कुणालाच ठाऊक नाही आणि मूळ गाव म्हणून दोन गावांची नावं घेतली जातात, तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

जमिनीपासून करा. ती कधीच विकली गेली असली तरी हरकत नाही. सातबाऱ्यावर फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक असतात, त्यातला सगळ्यात जुना धरून मागे जात राहायचं. बऱ्याच जिल्ह्यांतले जुने फेरफार आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर बघायला मिळतात, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेसाठी अर्ज करायचा. गाव मराठवाड्यात असेल तर निजामाच्या काळातले कागद उर्दूत निघतील, इतरत्र मोडीत. दोन्हीसाठी जाणकार गाठावा लागतो.

वारसाची नोंद मात्र शब्द न् शब्द वाचा. आमचे पणजोबा तरुणपणीच गेले. त्या फेरफारात आजोबांच्या नावापुढे 'अज्ञान, अ.पा.क. आई' असं आहे, म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) मुलाचं पालन करणारी आई, आणि पुढे तिचं नाव. घरात तिला सगळे 'मोठी आई' म्हणायचे, नाव कुणालाच माहीत नव्हतं. तलाठ्याच्या त्या एका ओळीमुळे मला पणजी मिळाली. वडिलांना ती ओळ वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर म्हणजे त्या काळचा गाव नमुना 14. त्यात पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगा' आणि बापाचं नाव, म्हणून बापाच्या नावाने शोधा. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्या आहेत. तिथे आडनाव आणि गाव विचारतात, तुम्ही दोन्ही गावं सांगून बघा. तोंडी सांगितलेल्यावर थांबू नका, आपल्या माणसांनी केलेली नोंद प्रत्यक्ष वाचा. पण तिथल्या वंशावळी बहुतेक पुरुषांच्याच असतात.

पणजीचं माहेर मला अजून सापडलेलं नाही. आत्या एका गावाचं नाव घेते, पण कागद नाही, म्हणून वंशावळीत ती जागा मी रिकामी ठेवलीय. अंदाजाने भरलेलं नाव पुढच्या पिढीला खरंच वाटेल.

तुमची ती दोन गावं कोणत्या तालुक्यांत आहेत ते कळवा. मध्यंतरी तालुके-जिल्हे फुटलेत, त्यामुळे जुनं दप्तर अजून जुन्याच तालुक्याच्या कचेरीत असू शकतं.