गंज, ऊन आणि पाणी: हायड्रोजन मिळतो का?

प्रश्न: मुलगी बारावीला आहे, तिच्या प्रोजेक्टसाठी वाचताना कळलं की लोखंडाचा गंज उन्हात पाण्यातून हायड्रोजन काढू शकतो. खरंय का? मग छतावर गंजलेले पत्रेच का नाही लावत? (एक वाचक, सांगली)

उत्तर: खरंय, पण गंजका पत्रा नुसता बादलीत बुडवून उन्हात ठेवलात तर काहीही होणार नाही. ही कल्पना जुनी आहे, १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं, म्हणजे त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. तो पदार्थ पाण्यात वर्षानुवर्षं टिकतो, पण घेतो फक्त अल्ट्राव्हायोलेट, आणि ते उन्हात जेमतेम ४-५ टक्के असतं, म्हणजे बाकी सगळं ऊन वाया.

म्हणून लोक हेमेटाइटकडे वळले, म्हणजे लोखंडाचं लाल ऑक्साइड, गंजाचंच पाणी निघून गेलेलं रूप. स्वस्त आहे, विषारी नाही, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही बऱ्यापैकी घेतं. पण प्रकाश पडल्यावर आत जो पॉझिटिव्ह चार्ज तयार होतो ना, तो काही नॅनोमीटर जाईपर्यंतच संपतो आणि प्रकाश मात्र त्याच्या कितीतरी पट खोल शिरतो, त्यामुळे पाणी फोडणारा हा चार्ज बहुतेक पाण्यापर्यंत पोचतच नाही. मला तर खरी अडचण हीच वाटते, म्हणूनच सगळे अतिशय पातळ थर आणि बारीक तंतू बनवण्याच्या मागे आहेत. शिवाय हेमेटाइट फक्त ऑक्सिजनची बाजू सांभाळतं, हायड्रोजन दुसऱ्या इलेक्ट्रोडवर सुटतो आणि त्यासाठी बाहेरून थोडा व्होल्टेज द्यावाच लागतो.

बाहेरच्या विजेशिवायही झालंय बरं का. जपानमध्ये काझुनारी डोमेन यांच्या टीमने स्ट्रॉन्शियम टायटॅनेटची पावडर वापरून १०० चौरस मीटरचं पॅनल उघड्यावर चालवलं, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. उन्हातली जास्तीत जास्त ०.७६ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये आली. आकडा लहान आहे, पण एवढ्या मोठ्या पॅनलवर हे काम महिनोन्‌महिने चाललं आणि हायड्रोजन-ऑक्सिजनचं स्फोटक मिश्रण त्यांनी सुरक्षितपणे वेगळं केलं, याचं मला फार मोल वाटतं.

छतासाठी आज तरी साधं सोलर पॅनल आणि इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडणारं यंत्र) हीच जोडी पुढे आहे. मुलीलाही प्रोजेक्टला तेच करू द्या, छोटं पॅनल आणि दोन ग्रॅफाइटच्या कांड्या. पाण्यात खायचा सोडा घाला, मीठ अजिबात नको, क्लोरीन वायू सुटतो. आणि खिडकी उघडी ठेवा, जवळ काडी पेटवू नका.