मोल प्रति घनमीटरचं मिलीमोलर करताना १००० ने गुणायचं की भागायचं?

गुणायचंही नाही आणि भागायचंही नाही. १ मोल प्रति घनमीटर म्हणजे बरोब्बर १ मिलीमोलर, आकडा तोच ठेवायचा आणि पुढचं युनिट बदलायचं, बस. तुम्ही लिहिलंय की सरांच्या शीटवर ०.०५ मोल प्रति घनमीटर आहे आणि पेपरमध्ये ५० मायक्रोमोलर, मग खरं कोणतं? अहो दोन्ही एकच आहेत. ०.०५ मोल प्रति घनमीटर म्हणजे ०.०५ मिलीमोलर, आणि मिलीचं मायक्रो करायला १००० ने गुणलं की ५०.

आता हे असं का होतं ते एकदा नीट बघून घ्या म्हणजे पाठ करायची गरज पडणार नाही. घनमीटर म्हणजे १००० लिटर, गच्चीवर असते ना तेवढी पाण्याची टाकी. तिच्यात १ मोल मीठ विरघळवलं तर दर लिटरच्या वाट्याला मोलचा हजारावा भाग येणार, म्हणजे १ मिलीमोल. आणि लिटरला १ मिलीमोल म्हणजेच १ मिलीमोलर. कॉन्सन्ट्रेशनमध्ये वर मोल असतो आणि खाली व्हॉल्यूम. वरचं युनिट लहान केलं की आकडा फुगतो, खालचं लहान केलं की आकडा आटतो. इथे वरचं पण हजारपट लहान झालं (मोलचं मिलीमोल) आणि खालचं पण (घनमीटरचं लिटर), त्यामुळे दोन्ही कटाप. मुलं गडबडतात ती इथेच, "कन्व्हर्जन म्हणजे १००० ने काहीतरी करायचं" एवढंच डोक्यात असतं आणि वरखाली एकदम हलवायला जातात. एका वेळी एकच हलवा, मग दुसरं.

घनडेसीमीटर दिसलं तर घाबरू नका, तो लिटरच आहे, पुस्तकांची आवड. घनसेंटिमीटर मात्र जपून! तो मिलीलिटर, त्यामुळे १ मिलीमोलर म्हणजे १० चा वजा ६ घात मोल प्रति घनसेंटिमीटर. पुढे एमएस्सीला सायक्लिक व्होल्टामेट्री (इलेक्ट्रोडचं व्होल्टेज वरखाली फिरवून करंट मोजणं) कराल तेव्हा करंटचा पीक काढायचं रँडल्स-सेव्हचिकचं समीकरण येईल, त्यातला २.६९ गुणिले १० चा ५ वा घात हा आकडा घनसेंटिमीटर धरूनच काढलेला आहे. तिथे कॉन्सन्ट्रेशनला सवयीने १० चा वजा ३ घात टाकला तर ३ मिमी व्यासाच्या ग्लासी कार्बन इलेक्ट्रोडवर १ मिलीमोलर फेरिसायनाइडचा पीक, जो १०० मिलीव्होल्ट प्रति सेकंदला साधारण १६ मायक्रोअँपिअर यायला पाहिजे, तो कागदावर १६ मिलीअँपिअर येतो. आणि मग पोरं इलेक्ट्रोड घासत बसतात, इलेक्ट्रोड बिचारा बरोबर असतो.

अजून एक, तुमच्या प्रश्नात "१० मिलीमोलचा स्टॉक" (पुढे पातळ करून वापरायचं दाट द्रावण) असं आहे. मिलीमोल ही नुसती क्वांटिटी झाली, बाटलीत एकूण माल किती ते. लेबलवर मिलीमोलर लिहा, नाहीतर पुढच्या माणसाला कळत नाही की बाटलीत १० मिलीमोल आहेत की लिटरला १०. त्या स्टॉकपासून ५० मायक्रोमोलर करायचं तर आधी दोन्ही मायक्रोमध्ये आणा, १०००० भागिले ५० म्हणजे २०० पट डायल्यूशन. १० मिलीलिटर हवं असेल तर ५० मायक्रोलिटर स्टॉक घेऊन व्हॉल्यूम १० मिलीलिटरपर्यंत न्या. इथे मॉलिक्युलर वेट (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) कुठेच लागत नाही, ग्रॅम आले की मगच लागतं.

आणि ब्लड रिपोर्टमधली युनिट्स कशी बदलायची असं विचारलंय, तिथे नेमके ग्रॅमच येतात. आपल्याकडे शुगर मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये देतात, इंग्लंडमध्ये मिलीमोल प्रति लिटर, म्हणून तिकडच्या नातेवाइकाने "उपाशीपोटी ७ आली" सांगितलं की इथे सगळे हायपो झाला (साखर फार खाली गेली) म्हणून घाबरतात. ग्लुकोजचं मॉलिक्युलर वेट १८०, डेसीलिटरचं लिटर करायला १० ने गुणा, मग १८० ने भागा, थोडक्यात १८ ने भागायचं. १२६ म्हणजे ७. पण हा १८ फक्त ग्लुकोजचा हां, क्रिएटिनिनला लावू नका, तिथे १ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. युरियाचं मिलीमोल प्रति लिटर करायला ६ ने भागतात, पण रिपोर्टवर बीयूएन (ब्लड युरिया नायट्रोजन) छापलं असेल तर २.८ ने, कारण बीयूएनमध्ये अख्ख्या युरियाचं नाही, त्यातल्या दोन नायट्रोजनचंच वजन धरलेलं असतं.