आधी तापमान बघ, मग ओझोन

ओझोनचा नकाशा उघडून निळाजांभळा डाग दिसला की लगेच 'छिद्र वाढलं' म्हणू नकोस. माझं ऐक, आधी ५० हेक्टोपास्कल हवेच्या दाबाच्या पातळीवरचं, म्हणजे साधारण २० किलोमीटर उंचीवरचं तापमान काढ. तिथे उणे ७८ अंशांच्या खाली पारा गेला, की ध्रुवीय समतापमंडलीय ढग तयार होऊ लागतात. सगळी मेख त्या ढगांत आहे. एरवी हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट म्हणून गप्प बसलेला क्लोरीन त्यांच्या कणांवर मोकळा होतो. पण अंधारात तो ओझोनचं फारसं काही बिघडवत नाही, त्यासाठी ऊन लागतं. म्हणून अंटार्क्टिकावर खरा ऱ्हास ऑगस्टअखेर सुरू होतो आणि सप्टेंबरात १४ ते २० किलोमीटरमधला ओझोन जवळजवळ संपतो.

ध्रुवाभोवती हिवाळ्यात गरगरणाऱ्या जोरदार वाऱ्यांचा जो ध्रुवीय भोवरा असतो, त्याचं काम कुंपणाचं. बाहेरची उबदार, ओझोनने भरलेली हवा तो आत येऊ देत नाही.

२००२ आणि २०२० ही वर्षं शेजारी ठेवून बघच. २००२च्या सप्टेंबरात दक्षिणेचा भोवरा चक्क दुभंगला आणि छिद्राचेही दोन तुकडे झाले. मला आजही ते नकाशे बघताना अंगावर काटा येतो. उलट २०२०च्या वसंतात उत्तरेचा भोवरा इतका घट्ट आणि थंड राहिला, की आर्क्टिकवर विक्रमी ओझोन घटला. क्लोरीन दोन्हीकडे होताच, फरक हवामानाचा. त्यामुळे एका वर्षाच्या छिद्रावरून मॉन्ट्रियल कराराचं, म्हणजे ओझोन घटवणारी रसायनं बंद करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, यशापयश ठरवू नकोस.