गोठलेल्या मैदानावर काय सोडून द्यायचं

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. समोरच्या फुटबॉल संघाबद्दल तू चार पानं लिहिली आहेस. त्यांचा डावा विंगर आत कसा वळतो, त्यांचे मिडफिल्डर कुठे दाब टाकतात, मागच्या सामन्यात त्यांनी तुम्हाला कुठे पकडलं, सगळं नीट टिपलं आहेस. हवामानाबद्दल मात्र शेवटी एकच ओळ: 'थंडी बरीच असेल, बर्फही पडेल म्हणतात.' मला ती ओळ पत्राच्या सुरुवातीला हवी होती. पहिल्यांदाच संघ तुझ्या हातात आला आहे आणि समोर तेच जुने प्रतिस्पर्धी आहेत, त्यामुळे तुझं सगळं लक्ष त्यांच्यावर असणं मी समजू शकतो. पण त्या दिवशी दोन्ही संघांना आधी मैदानाशी खेळावं लागणार आहे. नेहमीच्या खेळातलं काय सोडून द्यायचं, हे ज्या संघाने आदल्या दिवशीच ठरवलेलं असतं, त्याला पहिली वीस मिनिटं आयती मिळतात. दुसरा संघ ती वीस मिनिटं आपल्या सवयी मोडण्यात घालवतो.

म्हणून सुरुवात चेंडूपासून कर. चेंडूतल्या हवेचा दाब (बाहेरच्या हवेपेक्षा जितका जास्त तेवढाच मोजून) ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर असावा असा नियम आहे. उबदार खोलीत, २० अंशांना, तू ०.७ इतकी हवा भरलीस आणि चेंडू शून्य अंशातल्या मैदानावर नेलास, तर आतली हवा आकसते आणि तोच दाब जेमतेम ०.५८ उरतो, म्हणजे नियमाच्याही खाली. चेंडू मऊ पडतो, उसळी कमी होते, पायाला जड लागतो. थंड हवा दाट असते, त्यामुळे उंच मारलेली किकही थोडी अलीकडेच पडते. सामन्याचे चेंडू पंच तपासतील, पण सरावाचे चेंडू तुझ्या ताब्यात आहेत. या आठवड्यात ते सराव सुरू होण्याआधी तासभर उघड्यावर ठेव. मुलांच्या पायांना त्या चेंडूची ओळख सामन्यात होता कामा नये.

आता मैदान. 'हिवाळी मैदान' असं काही एक नसतं, निदान तीन असतात आणि तिन्हींवर वेगळा खेळ लागतो. पाऊस पडून गेलेलं, शून्याच्या जरा वर असलेलं ओलं गवत: यावर चेंडू सरकत जातो, टप्पा पडल्यावर वेग वाढल्यासारखा वाटतो. बर्फ साचलेलं मैदान: चेंडू अंगावर बर्फ गोळा करतो आणि दहा-पंधरा पावलांत मरतो. आणि खालून गोठलेलं, टणक मैदान: चेंडू कुठेही उसळतो आणि पाय धरत नाही. तू कुठल्या मैदानावर खेळणार आहेस हे अंदाज वाचून कळणार नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी, सामन्याच्याच वेळेला, तिथे जा. हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि प्रेक्षागृहाची सावली मैदानाचा एखादा पट्टा दिवसभर सोडत नाही. तो पट्टा दुपारीही गोठलेला राहतो, बाकीचं मैदान मऊ होतं. एकाच मैदानावर दोन मैदानं असू शकतात, आणि त्यातलं कुठलं कुणाच्या वाट्याला कधी येणार हे नाणेफेकीवर ठरतं. नाणेफेक जिंकणाऱ्याला बाजू किंवा किक-ऑफ यातलं एक निवडता येतं. अशा दिवशी किक-ऑफचा मोह नको. वारा कुठून आहे, ऊन कुणाच्या डोळ्यांवर येणार, गोठलेला पट्टा उत्तरार्धात कुणाच्या बॉक्ससमोर, म्हणजे गोलपुढच्या चौकटीसमोर, असणार, हे बघून बाजू घ्यायला तुझ्या कर्णधाराला सांग.

आणि तिथे एक साधी चाचणी कर. मध्यबिंदूवरून, एरवी वीस पावलांवरच्या खेळाडूला देतोस त्याच जोराने, जमिनीलगत पास मार. चेंडू थांबेल तिथपर्यंत पावलं मोज. मग तेच सावलीच्या पट्ट्यात कर. तुझी सगळी आखणी या दोन आकड्यांवर उभी राहील.

बर्फ साचला असेल आणि चेंडू बारा पावलांत थांबत असेल, तर तुझ्या संघाचा लाडका खेळ, मागच्या फळीत आडवे पास देत प्रतिस्पर्ध्याला ओढून घेण्याचा, त्या दिवशी पूर्ण बंद. तुला हे जड जाईल, मला माहीत आहे. तो खेळ तू मुलांमध्ये रुजवला आहेस. पण अर्ध्या वाटेत थांबलेला आडवा पास हा बर्फावरचा सगळ्यात महागडा पास असतो, कारण तो थांबतो तुझ्याच गोलसमोर आणि समोरचा स्ट्रायकर त्याच्याकडे धावत येत असतो. गोलरक्षकाकडे जमिनीवरून मागे पास देणंही बंद. गोल किक (गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करणारी किक) लांब मार, आणि मुलांना आठवण करून दे की गोल किकवरून थेट मिळालेल्या चेंडूवर ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या पुढे उभं असल्याचा दोष, नसतो. थ्रो-इनचंही, म्हणजे बाजूच्या रेषेवरून हातांनी आत फेकलेल्या चेंडूचंही, तसंच. थ्रो-इन आणि गोलरक्षकाने हाताने दिलेला चेंडू, या दोन पासांचं मैदानाशी फारसं देणंघेणं नसतं. बर्फाच्या दिवशी मी थ्रो-इनला जवळपास कॉर्नरइतकी किंमत देतो. मात्र ओला चेंडू बोटांतून निसटतो, म्हणून टचलाइनवर कोरडे टॉवेल हवेत आणि पंचांना आधीच विचारून ठेवायला हवं.

समोरचा प्रशिक्षक तुला ओळखतो. तुमची पासांची साखळी तोडायला त्याने आठवडाभर तालीम घेतली असेल. त्याचे खेळाडू पुढे येऊन दाब टाकतील, आणि तिथे तोडायला साखळीच नसेल. त्या वेळी चेंडू त्यांच्या कडेच्या बचावपटूंच्या मागे, कोपऱ्याच्या दिशेने जाऊ दे. निसरड्या जमिनीवर मागे वळणं फार कठीण असतं. कुठे जायचं हे स्ट्रायकरला ठाऊक असतं, बचावपटूला नसतं. त्यांना पहिल्या दहा मिनिटांत पाच-सहा वेळा मागे वळायला लागलं की त्यांची फळी आपोआप खाली सरकेल.

हेच तुझ्या बचावालाही लागू आहे, म्हणून फळी किती पुढे ठेवायची ते मैदान बघून ठरव. ओल्या किंवा टणक मैदानावर मागे टाकलेला चेंडू घसरत तुझ्या गोलरक्षकापर्यंत येतो, फळी थोडी पुढे चालते. बर्फावर तोच चेंडू मध्येच थांबतो आणि त्यांच्या स्ट्रायकरची वाट बघत बसतो. तिथे फळी चार-पाच पावलं खाली घे. मुलांना सांग, हातभर अंतर ठेवा, समोरच्याला बाहेरच्या बाजूला वळवा. बॉक्समध्ये घसरून टॅकल अजिबात नको. तिथे सुरू केलेली घसरण हवी तिथे थांबत नाही, आणि जुन्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध खेळताना रक्त तापलेलं असतं तेव्हा तर नाहीच.

आता ज्यासाठी हे पत्र इतकं लांबलं त्या गोष्टीकडे येतो. बर्फातले गोल सुंदर नसतात. २२ मार्च २०१३ रोजी अमेरिका आणि कोस्टा रिका कोलोरॅडोत विश्वचषक पात्रता सामना खेळले. बर्फ इतका की रेषा दिसाव्यात म्हणून फावड्यांनी मैदान साफ करावं लागत होतं. अमेरिकेने सामना १-० असा जिंकला. सोळाव्या मिनिटाला जोझी अल्टिडोरचा फटका बचावपटूला लागून उडाला आणि क्लिंट डेम्प्सीने तो जवळून आत ढकलला. १६ नोव्हेंबर २०२१ रोजी एडमंटनला कॅनडा आणि मेक्सिको उणे ९ अंशांच्या आसपास खेळले. तिथला पहिला गोल कॅनडाचा, तो असा: ॲलिस्टर जॉन्स्टनने लांबून फटका मारला, मेक्सिकोच्या गिलेर्मो ओचोआसारख्या कसलेल्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू सुटला, आणि सायल लॅरिन तिथे पोहोचलेला होता. दुसरा गोलही लॅरिनचाच, फ्री किकवरून. कॅनडाने सामना २-१ असा जिंकला.

दोन सामने, वेगळे संघ, पण वाट तीच. थंडीत गोलरक्षकाची बोटं बधिर असतात, चेंडू ओला असतो, बचावपटूचा पाय वेळेवर वळत नाही. म्हणून लांबून, खालून, थेट गोलवर मारा, आणि मारणाऱ्याखेरीज आणखी दोघांनी त्या फटक्यामागे धावायचंच. फटका चुकेल असं दिसत असलं तरी धावायचं. माझ्या मते या आठवड्यातल्या सरावाचा अर्धा वेळ फक्त याला द्यावास: फटका, सुटलेला चेंडू, दुसरा स्पर्श. उरलेल्या अर्ध्यातला मोठा भाग फ्री किक आणि कॉर्नरला. थांबलेल्या चेंडूवर बर्फाचा परिणाम सगळ्यात कमी होतो.

बरोबरी झाली तरी तुम्हाला चालेल, असं तू लिहिलं आहेस. त्या वाक्याची मला भीती वाटली. डिसेंबर २०१३ मध्ये इस्तंबूलला इटलीच्या युव्हेंटस क्लबलाही बरोबरी पुरेशी होती. तुर्कीच्या गालातासराय क्लबविरुद्धचा तो सामना बर्फामुळे अर्ध्या तासानंतर थांबला आणि दुसऱ्या दिवशी चिखल झालेल्या मैदानावर पुढे खेळला गेला. ८५व्या मिनिटापर्यंत ०-० होतं. मग एक लांब चेंडू आला, गालातासरायच्या द्रोग्बाने डोक्याने खाली दिला, त्याच्याच संघातल्या स्नायडरने गोल केला, आणि युव्हेंटस युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेच्या बाहेर गेला. खराब मैदानावर बरोबरी राखून ठेवता येत नाही, कारण एका विचित्र उसळीसरशी ती हातची जाते. ती उसळी तुझ्या बॉक्समध्ये पडण्यापेक्षा त्यांच्या बॉक्समध्ये पडलेली बरी. म्हणून चेंडू तिकडे ठेव, शेवटच्या मिनिटापर्यंत.

शरीराबद्दल थोडं. स्नायू थंड पडले की त्यांची ताकद लगेच उतरते. वॉर्म-अप एरवीपेक्षा लांबव, आणि तो संपल्यावर मुलं रांगेत उभी राहून गारठणार नाहीत हे बघ. मध्यंतर १५ मिनिटांचं असतं. तू सगळी मिनिटं बोलण्यात घालवलीस तर उत्तरार्धाच्या सुरुवातीला तुझा संघ थंड पायांनी धावेल. सात-आठ मिनिटांत बोलणं संपव, ओले मोजे बदलायला लाव, पाणी प्यायला लाव (थंडीत तहान लागत नाही, घाम मात्र जातोच), आणि शेवटची तीन-चार मिनिटं त्यांना हलतं ठेव. बुटांचे दोन जोड प्रत्येकाने आणावेत: मऊ मैदानासाठी लांब स्टड, टणक मैदानासाठी आखूड आणि जास्त स्टडचे.

बदली खेळाडूंची गोष्ट मी फार मोठी किंमत देऊन शिकलो. अशाच एका सामन्यात शेवटची पंधरा मिनिटं राहिली असताना मी बेंचवरच्या मुलाला 'चल, जा' म्हणून तसाच आत पाठवला. तासाहून जास्त वेळ तो कुडकुडत बसला होता. पहिल्याच धावेत त्याच्या मांडीमागचा स्नायू फाटला. माझे बदल संपले होते. आम्ही दहा जणांनी खेळलो आणि हरलो. पराभव विसरलो, पण तो मुलगा पुढचे तीन महिने खेळू शकला नाही ते अजून सलतं. त्याची काहीच चूक नव्हती. तेव्हापासून माझा बदली खेळाडू किमान दहा मिनिटं धावून, घाम येऊनच मैदानात उतरतो, आणि एक बदल मी शेवटपर्यंत हातात ठेवतो.

मैदान दगडासारखं गोठलेलं दिसलं, तर पंचांशी आधी आणि स्पष्ट बोल. सामना पुढे ढकलण्याची मागणी केली तर समोरचे घाबरले म्हणतील, याची पर्वा करू नकोस. तुझ्या गोलरक्षकाला त्या जमिनीवर नव्वद मिनिटं अंग टाकायचं आहे. आणि खेळताना कुणी अडखळत बोलायला लागला, गोंधळलेला दिसला, तर सामन्याची कुठलीही मिनिटं चालू असोत, त्याला बाहेर काढ आणि उबेत ने.

बाकी फळ्या कशा मांडायच्या, कुणाला बसवायचं, हे मी इथून सांगणार नाही. ती मुलं तू रोज बघतोस. आदल्या दिवशी मैदानावर जाशील तेव्हा ते दोन आकडे मात्र मला कळव: मध्यबिंदूवरून चेंडू किती पावलं गेला आणि सावलीत किती. रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल, मी जागा असेन.

तुझा,
सर