हिमनग, हिमनदी आणि हुर्राकचा ग्लास

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय: ‘हिमनग वितळल्याने समुद्राची पातळी वाढते’ हे वाक्य बरोबर आहे का? त्यांच्या दिराने ग्लासात बर्फाचे खडे टाकून वर हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची दारू, अगदी काठोकाठ ओतली. बर्फ वितळला, थेंबही सांडला नाही. ‘म्हणजे ते हवामानबदल वगैरे सगळं थोतांड,’ असा त्याचा निकाल.

ताई, तुमचा दीर प्रयोगात बरोबर, निकालात चूक. आणि त्याला चुकवलं ते या वाक्याने.

‘नग’ म्हणजे ‘न गच्छति’, जो जागचा हलत नाही तो, म्हणून पर्वत. हिमालयाला ‘नगाधिराज’ म्हणतात तो हाच नग. (‘डझनभर नग द्या’मधला इथे लावू नका, तोही शोभला असता म्हणा.) गंमत अशी की नावाने अचल असलेला हिमनग पक्का भटक्या. हिमनदी सरकत समुद्राला भिडते, तिचा तुकडा तुटतो आणि वाहत सुटतो. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारते, त्यामुळे तो वितळला तरी पातळी जवळपास तीच राहते. खाऱ्या पाण्यात गोडा बर्फ, म्हणून किंचित फरक पडतो, पण तो सोडून द्या. पातळी वाढते ती बर्फ जमीन सोडून पाण्यावर येतो तेव्हा, किंवा जमिनीवरच वितळून समुद्राला मिळतो तेव्हा. शिवाय तापलेलं पाणी फुगतं ते वेगळंच.

तेव्हा लिहायचं ते ‘हिमनद्या आणि हिमचादरी’ (जमिनीवर पसरलेले बर्फाचे अवाढव्य थर). एकट्या ग्रीनलंडची चादर पूर्ण वितळली तर समुद्र सुमारे 7 मीटर चढेल. 1901 ते 2018 या काळात तो सुमारे 20 सेंटिमीटर चढलाच आहे. गोव्यातल्या दिवाडी-चोडण बेटांवरच्या खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या, बांधांना विचारा, ते थोडं आहे का.

तिसरा शब्द ‘समुद्री बर्फ’, म्हणजे समुद्राचंच गोठलेलं पाणी. आर्क्टिकमधला हा बर्फ सप्टेंबर 2012 मध्ये विक्रमी कमी झाला, 2013 मध्ये त्याहून जास्त होता. लगेच ‘बर्फ वाढला’ची आरोळी उठली. एका वर्षाची चढउतार आणि तीही तरंगत्या बर्फाची! नुसतं ‘बर्फ’ लिहिलं की तिन्हींची खिचडी होते.

जाता जाता: ‘बर्फ विरघळला’ बाजारात मासळीच्या पाटीजवळ खुशाल म्हणा, मीही म्हणतो. लिहिताना मात्र साखर विरघळते, बर्फ वितळतो.

दिराला सांगा, पुढच्या वेळी बर्फ ग्लासात नको. चहाच्या गाळणीत ठेव आणि गाळणी काठोकाठ भरलेल्या ग्लासावर धर. फडकं तेवढं जवळ असू द्या.