थट्टा आणि थुंकी

प्रश्न : मी पणजीत जर्मन शिकतो. उपहास या अर्थाचा ‘श्पॉट’ हा जर्मन शब्द आणि थुंकी या अर्थाचा स्वीडिश ‘स्पॉट’ एकाच मुळाचे आहेत काय? आपल्या ‘छीथू’सारखाच हा प्रकार असावा का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : स्वीडिशमध्ये त्याच शब्दाचा थट्टा असाही अर्थ आहे, त्यामुळे आपला तर्क स्वाभाविक आहे. पण अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. आपल्या गोव्यात मीठ-मिरच्या ओवाळून नातवाची दृष्ट काढताना आजी ‘थू थू’ करते, तेव्हा त्यात धिक्कार नसतो, माया असते. म्हणून निवाडा ध्वनींवरून करावा लागतो.

मूळ शब्द कोठेही लिहिलेला सापडत नाही; जर्मन ‘श्पॉट’, डच ‘स्पॉट’ आणि जुना नॉर्स (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) ‘स्पॉट्ट’ यांवरून तो बांधावा लागतो, आणि अशा रूपापुढे ताराचिन्ह घालण्याचा प्रघात आहे. अडचण आहे ती शेवटच्या जोडव्यंजनाची. मुळात ‘ट्ट’ असता, तर डच ‘काट’, म्हणजे मांजर, जर्मनमध्ये ‘कात्से’ होते, त्या न्यायाने येथेही ‘श्पॉत्स’ व्हायला हवे होते. तसे झालेले नाही. उलट कपड्यांना लागणाऱ्या कसरीला डचमध्ये ‘मॉट’, जर्मनमध्ये ‘मॉटं’ म्हणतात, आणि इंग्रजी ‘मॉथ’मध्ये जुना घर्षक (हवा घासत बाहेर पडणारा) ‘थ’ ध्वनी टिकून आहे. म्हणून ‘*स्पुथ्थ’सारखे रूप मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

आता थुंकण्याकडे वळू. संस्कृत ‘ष्ठीव्’, लॅटिन ‘स्पुओ’ आणि गॉथिक (जर्मनशी नाते असलेली, आता लुप्त झालेली भाषा) ‘स्पीवान’ हे एकाच कुळातले शब्द आहेत. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार जर्मानिक भाषांत, म्हणजे जर्मन, डच, इंग्रजी, स्वीडिश यांच्या कुळात, ‘प’चा ‘फ’ होतो, जसे ‘पितृ’ आणि ‘फादर’. मात्र ‘स’ला जोडून आलेला ‘प’ बदलत नाही. त्यामुळे दोन्ही शब्दांचा आरंभ निर्वेध जुळतो. पण ‘थ्थ’ कोठून आला, हे धातूवरून आपोआप उलगडत नाही. तो उलगडेपर्यंत हे नाते शक्य मानावे, सिद्ध मानू नये.

गॉथांचे बिशप वुल्फिला यांच्या ४थ्या शतकातील गॉथिक बायबलात, मार्काच्या शुभवर्तमानातील १०व्या अध्यायाच्या ३४व्या वचनात थट्टा आणि थुंकणे एकत्र येतात. थुंकण्यासाठी तेथे ‘स्पीवान’ आहे. थट्टेसाठी मात्र ‘बिलैकान’ आहे, आणि त्यातील ‘लैकान’चा अर्थ उड्या मारणे असा आहे; म्हणजे तेथे थट्टेचा शब्द थुंकण्यावरून आलेला नाही.