तेल खवट का होतं, असं विचारणारी मुलगी

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात बारावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीएम (भौतिक, रसायन, गणित). आमचं इतवारीत तेलाचं दुकान आहे. ओबीसीत येतो, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. सगळे म्हणतात, पुण्याला कॉम्प्युटरला पाठवा. एका ओळखीच्याने तर आत्ताच पैसे भरून सीट पक्की करा म्हटलंय. ती काहीच बोलत नाही. दुकानात बसली की डबे उघडून वास घेते आणि तेल खवट का होतं, ते विचारत बसते. काय करावं?
– एक आई, महाल

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी दोनदा वाचली. पोरगी गप्प आहे म्हणता, पण ती तर रोज बोलतेय! तेल हवेच्या आणि उजेडाच्या संपर्कात आलं की त्यातल्या स्निग्धाम्लांशी ऑक्सिजनची प्रक्रिया होते आणि तो वास येतो. हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो शिकवणारी संस्था तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. अमरावती रोडवरची एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, 1942 पासून आहे. केमिकल इंजिनीअरिंगबरोबर तेल, अन्न, रंग यांचं तंत्रज्ञानही तिथे शिकवतात. एखाद्या दिवशी तिला घेऊन जा आणि तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलू द्या. तुम्ही थोडं मागे थांबा. नागपुरातल्याच व्हीएनआयटी या केंद्रीय इंजिनीअरिंग संस्थेतही केमिकल आहे, पण तिथला प्रवेश जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेवर होतो. निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात, म्हणून तो फॉर्म भरायचाच.

कॉम्प्युटर वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिला तेच हवं असेल तर तेच घ्या. मात्र ते तिच्या तोंडून आलं पाहिजे.

आता पैसे भरून सीट पक्की करण्याचं. कृपा करून एक रुपयाही देऊ नका. 2024-25 पासून राज्य सरकारने तुमच्यासारख्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. पण ती सवलत कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या प्रवेशालाच लागू आहे. मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांवर, गेलात की हक्काची माफी हातची जाते. होस्टेल आणि मेसचा खर्च यात येत नाही, हे पुण्याचा विचार करताना लक्षात ठेवा.

खरी धावपळ कागदांची असते आणि ती आत्ताच सुरू करा. जात पडताळणीला महिने लागतात. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा मागतात, म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुनी नोंद. गेल्या वर्षी एक वडील माझ्याकडे दाखला घेऊन आले. त्यावर आडनाव 'वानखडे', मुलीच्या आधारवर 'वानखेडे'. एका मात्रेसाठी प्रतिज्ञापत्र, दुरुस्ती, पुन्हा रांग, आणि पोरीची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, तोंडावर! म्हणून आज रात्रीच दाखला, आधार, दहावीची मार्कशीट समोरासमोर ठेवून एकेक अक्षर जुळवून बघा. नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढा. व्हीएनआयटीसाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं लागतं, तेही विचारून ठेवा.

अभ्यासाबद्दल थोडंच सांगते. ही सीईटी, पूर्ण नाव एमएचटी-सीईटी, 200 गुणांची असते. त्यातले 100 एकट्या गणिताचे, बाकी निम्मे-निम्मे भौतिक आणि रसायनचे. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. अकरावीचा भागही येतो, तो कपाटात बंद करू नका.

कॅपचा पसंतीक्रम तिलाच भरू द्या. मागच्या वर्षीचा कटऑफ बघून खालचं कॉलेज वर टाकू नका. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की तीच जागा पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. मी दरवर्षी अशा दोन-तीन पोरी रडताना बघते, आणि त्या वेळी माझ्या हातात काहीच नसतं.

पणजोबांचा दाखला सापडला नाही तर ते ज्या शाळेत शिकले तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरच्या (शाळेत आल्या-गेल्याच्या नोंदवहीच्या) नकलेसाठी अर्ज करा. तीन-चार ओळींचा साधा अर्ज पुरतो. अडलं तर मला लिहा, आपण मिळून मजकूर करू.